माझं गाव कुठं गेलं?

गेल्या शनिवारी इथे काहीच लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमस्व. ऑफिसचं काम नव्हतं, आजारपण नव्हतं, लग्नकार्य तर नव्हतंच (आई, वाचत असशील तर हा विषय इथेच थांबवू). कारण होतं सम्राट अशोक.

नमनाला घडाभर तेल नको म्हणून थेट सांगतो. आम्ही पाच जण मिळून 'सिव्हिलायझेशन' खेळतो. पाच जण पाच राज्यं घेऊन एकमेकांशी लढत नाही, तर पाच जण मिळून एकच राज्य चालवतो. प्रत्येकाने वीस टर्न्स खेळायच्या, सेव्ह फाईल सगळ्यांना मेल करायची, मग पुढच्याने तिथून सुरुवात करायची. पाच राजे आणि एकच सिंहासन. इतिहासात असं कुठे सुखाने चाललं असेल असं वाटत नाही, आणि आमच्याकडेही चाललं नाही. आजची पोस्ट त्यावरच आहे.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिड मायरने पहिला भाग काढला १९९१ मध्ये. इ.स.पू. ४००० मध्ये तुमच्या हातात एक सेटलर आणि एखादा फुटकळ सैनिक असतो, आजूबाजूला सगळा काळाकुट्ट नकाशा. तिथून सुरू करून इ.स. २०५० पर्यंत राज्य टिकवायचं, वाढवायचं आणि जमलं तर जिंकायचं. जिंकायचे मार्ग बरेच आहेत: लढून, मतं मिळवून, संस्कृतीच्या जोरावर, नाहीतर अंतराळयान सोडून. आम्ही खेळतो तो चौथा भाग २००५ सालचा. तेव्हा आम्ही शाळेत होतो. हॉस्टेलला एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून तो आमच्याकडे आला आणि राहिला. त्यानंतर पाचवा आला, सहावा आला, २०२५ मध्ये सातवाही आला. पण चौथा कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो, सेव्ह फाईल सहज मेल होते आणि त्याचं सुरुवातीचं 'बाबा येतू' हे गाणं ऐकलं की आम्हाला अजूनही सबमिशनच्या आदल्या रात्री आठवतात. (त्या गाण्याला पुढे २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. व्हिडिओ गेमसाठी लिहिलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलंच.) ऑफिसच्या लॅपटॉपवर हा गेम नाही, हे एचआरच्या माहितीसाठी.

आता मंडळी. मी पुण्यात. एक कोल्हापूरकर, सध्या बंगळूरला. एक नागपूरकर, तो नागपूर सोडायलाच तयार नाही. एक डोंबिवलीकर, आमच्यातली एकटीच मुलगी आणि खेळात सगळ्यात निर्दय. आणि एक म्युनिकवाला, त्याच्या आणि आमच्या वेळेचं गणित कधीच जुळत नाही.

पहिला डाव आम्ही काहीच न ठरवता खेळलो. "ठरवायचं काय त्यात, परिस्थिती बघून खेळायचं" असं सगळ्यांचं मत. परिणाम असा झाला की मी पिरॅमिड बांधायला घेतले, डोंबिवलीकरने ते थांबवून घोडेस्वार काढले, कोल्हापूरकराने घोडेस्वार नको म्हणून धान्याचं कोठार बांधलं, नागपूरकराने पुन्हा पिरॅमिडला हात घातला, तोवर ते दुसऱ्याच राज्यात कुणीतरी बांधून टाकले. या गेममध्ये असं झालं की ओतलेल्या श्रमाच्या बदल्यात थोडं सोनं मिळतं. तेवढंच समाधान. पुढे तर अजून गंमत. संस्कृतीच्या मार्गाने जिंकायचं तर तीन शहरांत प्रत्येकी ५०,००० संस्कृती जमवावी लागते. म्हणजे शेकडो वर्षं तिजोरीतला पैसा तिकडे वळवत राहायचं. आमच्यातले दोघे तो वळवायचे आणि तिघे पुन्हा विज्ञानाकडे फिरवायचे. शेवटी आमच्याकडे ना धड संस्कृती, ना धड विज्ञान. फ्रान्सचं यान अल्फा सेंटॉरीकडे निघून गेलं आणि आम्ही बघत राहिलो.

वाईट कुणीच खेळलं नव्हतं. प्रत्येकाच्या वीस टर्न्स सुट्या बघितल्या तर शहाणपणाच्याच होत्या. वीस-वीस टर्न्सची शहाणपणं एकमेकांना जोडली की त्यातून मूर्खपणा तयार होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नोकरीला लागल्यावर दर तीन महिन्यांनी कळतं, तो भाग वेगळा.

मग मी एक्सेल उघडलं. मी स्वभावानेच एक्सेलवाला. गोव्याच्या ट्रिपची पण माझी शीट असते आणि तिच्यात 'काही न करणे' अशी एक ओळ असते :) दुसऱ्या डावाची शीट मी मन लावून केली. अशोक घेतला. गेममध्ये त्याचे दोन गुण: एक म्हणजे कारभार स्वस्तात चालतो आणि न्यायालयं निम्म्या श्रमात उभी राहतात, दुसरा म्हणजे राज्यपद्धती बदलताना अराजक होत नाही. बाकीच्या बहुतेक राजांना गुलामगिरीतून जातिव्यवस्थेत किंवा राजेशाहीतून लोकशाहीत जायचं तर एखादी-दुसरी टर्न अख्खं राज्य ठप्प होतं. धोरण बदलायची ती किंमत. अशोकाला ती माफ.

बेत साधा होता. भारताला सुरुवातीलाच 'मिस्टिसिझम' येत असतं, तिथून पौरोहित्यापर्यंत लवकर पोचायचं आणि 'ऑरॅकल' बांधायचं. जो ते पहिल्यांदा बांधतो त्याला एक तंत्रज्ञान फुकट मिळतं. आपण कायद्याची संहिता घ्यायची. त्यासोबत कन्फ्यूशियस धर्माची स्थापना आपल्याकडे होणार आणि न्यायालयं तर आपल्याला स्वस्तच. ऑरॅकल लवकर व्हायचं तर संगमरवर हवा, तो असला की काम दुप्पट वेगाने होतं. आणि संगमरवर राजधानीच्या दक्षिणेला दिसतच होता! म्हणजे दुसरं शहर तिथे. सगळं एकात एक बसत होतं. मी ती शीट सगळ्यांना पाठवली, सगळ्यांनी 'झकास' म्हटलं. आता वाटतं, कोल्हापूरकराने ती पूर्ण वाचली नसावी.

पहिल्या वीस टर्न्स मी खेळलो. दुसऱ्या वीस डोंबिवलीकरने खेळून सेटलर तयार करून दिला. तिसरी पाळी कोल्हापूरकराची. त्याने शीटमध्ये सातव्या ओळीत असलेलं 'ब्रॉन्झ वर्किंग' उचलून आधी शिकून घेतलं. ते येईपर्यंत सेटलर काही टर्न्स नुसता उभा करून ठेवला. ब्रॉन्झ वर्किंग आलं की नकाशावर तांबं दिसायला लागतं, त्याआधी ते जमिनीत असतं पण दिसत नाही. तर तांबं दिसलं उत्तरेला, माँटेझुमाच्या हद्दीजवळ. याने सेटलर उलटा फिरवला आणि शहर तिथे वसवलं. मेलमध्ये एकच ओळ: "तांबं घावलं, तिकडंच गाव टाकलं. बाकी ओके."

माझी शीट पहिल्याच वळणावर मेली. मला राग आला. खोटं कशाला बोलू, प्रचंड राग आला. आणि मग मी जे केलं ते आजवर फक्त या पाच जणांना माहीत होतं. फाईल सगळ्यांना जायची, म्हणजे चाळिसाव्या टर्नची फाईल माझ्याकडेही होती. रविवारी दुपारी बसून मी त्याच्या वीस टर्न्स परत खेळलो. शीटप्रमाणे. शहर संगमरवराशेजारी. आणि ती फाईल फक्त नागपूरकराला पाठवली, वर लिहिलं, "आधीची करप्ट झाली होती, ही वापर."

त्याने वापरली. ऑरॅकल झालं, संहिता मिळाली, कन्फ्यूशियस आमच्याकडे अवतरला. अभिनंदनाचे मेल्स फिरले. कोल्हापूरकरानेही टाळ्यांचं चिन्ह पाठवलं. तो फाईल उघडून बघत नव्हता, त्याची पाळी यायला वेळ होता. मी मनात म्हटलं, बघ, शीट बरोबर होती.

पुढे म्युनिकवाल्याच्या टर्न्समध्ये माँटेझुमा आला. त्याचे जॅग्वार योद्धे हे या गेममधलं एक खास प्रकरण आहे. तलवारबाजांच्या जागी येतात, पण त्यांना लोखंड लागत नाही, फक्त ते तंत्रज्ञान आलेलं पुरतं. आमच्याकडे तिरंदाज आणि सोटेवाले. तांबं असतं तर कुऱ्हाडवाले निघाले असते, आणि कुऱ्हाडवाल्याला असल्या हातघाईच्या सैनिकांविरुद्ध पन्नास टक्के जास्त बळ मिळतं. तांबं नव्हतं. संगमरवराचं शहर पडलं. राजधानीला वेढा पडला तेव्हा म्युनिकवाल्याने खेळ थांबवून सगळ्यांना कॉलवर घेतलं.

कोल्हापूरकर म्हणाला, "अरे मग माझ्या उत्तरेच्या गावातनं कुऱ्हाडवाले पाठवा की!"

कुणाला काही कळेना. त्याने फाईल उघडली. थोडा वेळ नुसता माऊसचा आवाज. मग, "माझं गाव कुठं गेलं?"

मी आधी म्हणालो की ती फाईल करप्ट झाली होती. अर्धा मिनिट ते रेटलंही. मग जमलं नाही, सांगून टाकलं. तो चिडेल असं वाटलं होतं, शिव्यांमध्ये त्याचा हात कुणी धरत नाही. पण तो एवढंच म्हणाला, "नुसतं विचारलं असतंस तर मीच बदलून दिलं असतं की." आणि कॉलवरून गेला. चार महिने खेळला नाही. मधल्या काळात त्याच्या बहिणीचं लग्न झालं. बाकी तिघांना त्याने फोन करून बोलावलं. मला ग्रुपवरची पत्रिका.

असो.

या गोष्टीवरून 'बघा, लवचिक असावं, योजनेला चिकटून राहू नये' असा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे आणि मला तो पटत नाही. आमच्या क्षेत्रात २००१ पासून, युटामध्ये सतरा जणांनी बसून तो जाहीरनामा लिहिला तेव्हापासून, योजना हा शब्द जरा ओशाळवाणाच झालाय. खरं तर त्यांनी योजनेला किंमतच नाही असं म्हटलेलं नाही, बदलाला प्रतिसाद देण्याला जास्त किंमत आहे एवढंच म्हटलंय. पण गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता रिक्वायरमेंट बदलणाऱ्याला एवढं बारीक वाचायला वेळ कुठला! चंचलपणाला लवचिकपणा म्हणायची सोय झाली, बास. आमचा पहिला डाव याच 'लवचिकपणा'ने घालवला होता, हे विसरून चालणार नाही.

मला जे वाटतं ते असं. एकटा खेळणारा माणूस योजना बदलतो तेव्हा ती बदलल्याचं त्याला माहीत असतं. हे अगदी बाळबोध वाटेल, पण सगळी गोम इथे आहे. योजनेचा निम्मा भाग कागदावर नसतोच, डोक्यात असतो: संगमरवर कशासाठी, ऑरॅकल कितव्या टर्नपर्यंत, नाही झालं तर काय. एकट्याने बेत फिरवला की हा डोक्यातला भागही आपोआप फिरतो. पाच जणांत एकाने फिरवला की बाकी चार डोकी जुन्याच नकाशावर चालत राहतात. त्यामुळे गटातली योजना हा भविष्याचा अंदाज नसतोच मुळी. तिचं काम, बाकीचे काय धरून चालले आहेत ते सांगणं. अंदाज चुकला तर चुकला, दुरुस्त करता येतो. पण हा भरवसा गुपचूप मोडला की तांबं असून काही उपयोग नाही. अशोकाला अराजक माफ होतं, आम्हा पाच जणांना नव्हतं.

या हिशोबाने बघितलं तर कोल्हापूरकरानेही थोडं चुकवलंच होतं. एका ओळीत त्याने राजधानीनंतरचा सगळ्यात मोठा निर्णय उरकला. माझी चूक त्याच्या शंभरपट, त्यात वाद नाही. पण 'तांबं घावलं' याऐवजी 'माँटेझुमा शेजारी आहे, सैनिक नाहीत, म्हणून तांबं घेतलं, ऑरॅकल लांबेल' इतकं लिहिलं असतं तर मी ती फाईल परत उघडली असती का? कदाचित उघडली असतीही. मला माझी शीट फार आवडत होती.

खेळ म्हणून मात्र तो बरोबर होता आणि कुठल्या अर्थाने बरोबर होता हे कळायला मला बरेच दिवस लागले. या गेममध्ये काही गोष्टी हव्या तेव्हा मागे घेता येतात. करातला किती टक्के पैसा विज्ञानाला, किती संस्कृतीला, हे दर टर्नला बदलता येतं. संशोधन मध्येच सोडून दुसरं घेता येतं. अर्धवट बांधकाम काही काळ तसंच राहतं. शहर मात्र एकदा वसवलं की हलत नाही. इ.स.पू. तीन हजारात ठोकलेली खुंटी तुम्हाला विसाव्या शतकापर्यंत पुरते. आणि गंमत बघा, हा सगळ्यात न बदलणारा निर्णय तुम्ही सगळ्यात कमी माहितीवर घेता. नकाशा काळा असतो. तांबं ब्रॉन्झ वर्किंगनंतर दिसतं, कोळसा वाफेच्या इंजिनानंतर, तेल तर 'सायंटिफिक मेथड'नंतर. माझ्या शीटमध्ये संगमरवर होता, कारण संगमरवर पहिल्या दिवसापासून डोळ्यांना दिसत होता. जे दिसलं त्याभोवती मी तीस ओळींचा बेत रचला आणि त्याला दीर्घकालीन धोरण म्हटलं.

कोल्हापूरकराने खुंटी ठोकण्याआधी सेटलर उभा करून, टर्न्स वाया घालवून, आधी माहिती मिळवली. मला ते ढिसाळपणा वाटलं होतं. खरं धोरण तेच होतं, असं आज म्हणतो. मागे न घेता येणारी गोष्ट करण्याआधी काय शिकून घेणं परवडेल, हा प्रश्न माझ्या शीटच्या एकाही कॉलममध्ये नव्हता. ऑफिसात डेटाबेस निवडताना, घराचं कर्ज काढताना (सध्या बाणेर आणि वाकडच्या चकरा चालू आहेत, त्यावर स्वतंत्र पोस्ट टाकेन) तो पहिला यायला हवा, हे आता निदान कळतं तरी.

चार महिन्यांनी मी बंगळूरला कामासाठी गेलो तेव्हा त्याच्या दारात उभा राहिलो. आधी कळवलं नव्हतं. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "जेवलास का?" जेवताना बराच वेळ कुणीच विषय काढला नाही. मग त्यानेच पुरंदरच्या तहाचं उदाहरण दिलं (कोल्हापूरकर आहे, देणारच): महाराजांनी १६६५ मध्ये तेवीस किल्ले देऊन टाकले, बारा ठेवले, आणि १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केली. "बेत बदलला का रे त्यांनी? बेत तोच हुता. आणि किल्ले सोडायचेत हे किल्लेदारांना चोरून नव्हतं ठेवलं." या उदाहरणात इतिहासाच्या अंगाने दोन-चार शंका काढता येतील, तहामागची परिस्थिती काय होती वगैरे. मी काढल्या नाहीत. भाकरी गरम होती.

तिसरा डाव आता चालू आहे. पुन्हा अशोकच. शीट आहे, पण पाच ओळींची. कशाने जिंकायचंय ही एक, आणि कुठल्या गोष्टी कॉल केल्याशिवाय करायच्या नाहीत या चार: शहर वसवणं, युद्ध पुकारणं, धर्म बदलणं, मोठं आश्चर्य बांधायला घेणं. बाकी ज्याची पाळी तो राजा, त्याला कुणी विचारायचं नाही. आणि फाईलसोबत चिठ्ठी: काय केलं, काय बदललं, का. जुनी फाईल उघडायची तर सगळ्यांसमोर.

डोंबिवलीकरचं म्हणणं आहे की याने खेळाचं ऑफिस झालं. चिठ्ठीला ती 'स्टेटस रिपोर्ट' म्हणते आणि मुद्दाम रोमनमध्ये, सब्जेक्ट लाईनसकट लिहिते. तिचं अगदीच चूक नाही. मागच्या आठवड्यात शहर कुठे वसवायचं यावरचा कॉल दीड तास चालला, म्युनिकवाला मध्येच झोपला आणि तोवर ती जागा इझाबेलाने घेतली. विचारून निर्णय घ्यायचे तर उशीर होतो, हे आम्हाला मान्य आहे. त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. नागपूरकर म्हणतो, "वीस मिनिटांत नाही जमलं तर ज्याची टर्न त्याचं चालंल बे." बहुतेक तेच करू.

आज सकाळी कोल्हापूरकराची फाईल आली आहे. चिठ्ठी चांगली पानभर आहे. शेवटच्या ओळीत लिहिलंय, "गाव ठरलेल्या जागेपेक्षा एक टाईल पूर्वेला सरकवलंय, फोन लागला नाही तुझा. कारण वर दिलंय. पटलं नाही तर सांग, आपण बोलू."

फोन खरंच बंद होता, रात्री चार्जिंगला लावायचा राहिला. कारण अजून वाचायचंय. आधी चहा.